दादाचं घड्याळ टेबलावर आलं तेव्हा

एका गोऱ्या साहेबाचं शौचाचं भांडं मी मौद्याच्या एका ठेकेदाराला श्रीखंडाचं भांडं म्हणून विकलेलं आहे. चिनी मातीचं होतं, कडेनं निळी वेलबुट्टी, वर मुठीचं झाकण. आणि मी खोटं काहीच बोललो नव्हतो. एवढंच म्हणालो होतो, "साहेबाच्या घरी याच्याशिवाय सकाळ होत नव्हती!" पुढच्या रविवारी ठेकेदार खूश होऊन सांगत आला की पुतणीच्या लग्नात व्याह्यांना त्यातूनच वाढलं, आणि जो तो भांड्याची तारीफ करत होता. मी त्याला हात जोडले आणि हसू दाबायला गोदामात पळालो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. नागपुरात सदरमध्ये एक लिलावघर होतं, तिथे मी दर रविवारी माल पुकारायचो. देश सोडून चाललेले परदेशी, बदली झालेले अफसर, मुलं नसलेल्या मेमसाहेबा, यांच्या घरातलं सामान तिथे यायचं. हातोडी मालकाच्या हातात आणि तोंड माझं. त्याआधी मी खडी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, पार्टीत सोंगं काढायचो, लुगडं नेसून नाचायचोसुद्धा. तिथेच मालकाने मला पाहिलं आणि म्हणाला, "ए नौटंकी, ये गला गाँव में क्यों बरबाद कर रहा है?" तेव्हापासून मी टोपी अडकवायच्या खुंटाळ्यांना बाप दिले, मोडक्या पियानोंना प्रेमप्रकरणं दिली. एका खुर्चीवर बसून कमिशनर रडला होता, असं मी सांगितलं. लोकांनी ती खुर्ची घेतली, आणि घेणाऱ्याच्या घरी पाहुणे तिच्यावर बसून पाहायला येऊ लागले. मी सव्वीस वर्षांचा होतो. माझ्याइतका सुखी माणूस सदरमध्ये दुसरा नव्हता.

घरी मात्र माझ्या या धंद्याबद्दल कोणी बोलत नसे. आम्ही कोष्टी. गोळीबार चौकाच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत बाबांचा माग. तो माग खोलीत होता असं म्हणण्यापेक्षा मागाच्या उरलेल्या जागेत आम्ही होतो, असं म्हणणं बरोबर. बाबा वेगळ्या रंगाच्या काठाचं लुगडं विणायचे. असा काठ घालायला मागावर दोघं लागतात. एक मुख्य विणकर, आणि दुसरा पलीकडच्या काठाशी बसून तिकडचा धोटा फेकणारा. सातव्या वर्षापासून पलीकडे मी होतो. मागाचा खडखडाट चालू असताना कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे बोलणंच नव्हतं. बाबांनी हनुवटी हलवली की रंग बदलायचा. त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत उचलून पंजा उघडला की धागा तुटला, थांब. मग धोटा जिथे असेल तिथेच थांबला पाहिजे. त्या हातानंतर एक जरी फेक झाली तर दोष कापडात जातो, आणि मग तेवढं विणलेलं सगळं उसवावं लागतं. मी घरात हजार गोष्टी ऐकल्या नाहीत. त्या हाताचा हुकूम मात्र कधी मोडला नाही. मी मागावरून उठून सदरला गेलो तेव्हा बाबा रागावले नाहीत, त्यांनी फक्त एका रंगाचं कापड विणायला सुरुवात केली.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो मागावर कधी टिकलाच नाही, त्याला चाकं आवडायची. ड्रायव्हर झाला आणि उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरची जीप चालवायला लागला. तो इंजिनियर पोहण्याचा वेडा. नागपूरच्या दीडशे कोसांत समुद्र नाही, तर हा माणूस तलाव, विहिरी, खाणीतले डोह, जिथे पाणी दिसेल तिथे उडी मारायचा. दादा काठावर त्याचे कपडे घेऊन उभा. दोन वर्षांनी साहेब मायदेशी निघाला. स्टेशनवर त्याने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दादाच्या हातात घातलं.

आता त्या घड्याळाबद्दल. मी सहा वर्षांत शेकडो घड्याळं पुकारली, पण तसं परत पाहिलं नाही. पोलादाचं, पुरणपोळी फुगावी तसं जाड, काळी तबकडी, अंधारात हिरवे चमकणारे आकडे. काचेभोवती एक कडं होतं, ते फिरवलं की बारीक कटकट आवाज करायचं. समुद्रात बुडी मारणाऱ्याने ते लावून ठेवायचं, म्हणजे आपल्याकडे किती वेळाची हवा उरली ते कळतं. साहेबाने दादाला त्याच्या मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, "ये घडी नहीं, ये जान बचाने वाला." दोनशे मीटर पाण्याखाली चालणारं. आणि त्याला चावी नव्हती. सीताबर्डीच्या घड्याळजीने उघडूनही पाहिलं नाही, हात जोडले आणि समजावलं की हे माणसाच्या हालचालीवर चालतं. हात हलत राहिला की तेही चालत राहतं. काढून ठेवलं तर दीड दिवसात थांबेल.

दादा दिवसातून चार वेळा ते बादलीत बुडवून दाखवायचा. गल्लीतले लोक जमायचे. "पाय गा, पाय! बुडलं का? नाई बुडत!" माय ओरडायची, "अरे, त्या बादलीतलं पानी मले भाजीले लागते!"

आणि पुढच्याच उन्हाळ्यात दादा पाण्याने गेला. बुडून नाही. कुठेतरी रस्त्यावर गाडी थांबवून त्याने तहान लागली म्हणून पाणी प्यायलं असेल, तेवढंच. कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध, मग दवाखाना. अकरा दिवस. शेवटी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि मनगट एवढं बारीक, की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. हे लिहिताना मला अजूनही विनोद सुचतो आणि मी तो लिहीत नाही.

दवाखान्यातून बाबांनी घड्याळ खिशात घालून आणलं आणि घरी कोनाड्यात ठेवलं. सुतकात माग बंद होता. त्या घरात इतकी शांतता मी जन्मात पहिल्यांदा ऐकली, आणि त्या शांततेत कोनाड्यातून टिकटिक येत होती. एक दिवस आली. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशीही येत होती. शेजारची एक म्हातारी माझ्या मायजवळ सरकून म्हणाली, "जीव अडकला वं त्याचा त्याच्यात." मी घड्याळजीचा दीड दिवस मोजला होता, त्यामुळे माझीही पाचावर धारण बसली. चौथ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घ्यायला आत गेलो. माय भांडी घासत होती. पदर सरकला होता आणि बांगड्यांच्या वर, कोपरापाशी, दादाचं घड्याळ.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

"माय, हे काहून घातलं?"

"थांबलं तं?" ती म्हणाली.

एवढंच. कोनाड्यातून ती ते घ्यायची, हाताला बांधायची, काम करायची आणि बाबा यायच्या आत परत ठेवायची. पुढे पुढे परत ठेवणंही सोडलं. माग सुरू झाला तरी ती सुताच्या कांड्या भरायला बसेना, कारण बसलं की हात थांबतो. ती अंगण तीन तीन वेळा झाडायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. जेवायलाही उभ्यानेच, दोन घास. आणि अगदीच बसावं लागलं तर डावा हात मांडीवर हलवत राहायची, जणू कोणाला थोपटते आहे. दोन महिन्यांत तिची हाडं दिसायला लागली.

बाबा हे सगळं मागावरून पाहत होते. एका शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. माय समोरच उभी होती.

"तुह्या त्या सदरले हे ने अन् इकून टाक. हे घड्याळ तिले खाऊन राहिलं."

मला वाटलं होतं माय ओरडेल, आकांत करेल. तिने पट्टा सोडला आणि घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. ते तिच्या हाताच्या उबेनं गरम होतं.

पुढची गोष्ट मला नंतर कळली, पण तुम्हाला आताच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला माझ्या नेहमीच्या तमाशांपैकी एक वाटेल. रविवारी सकाळी मी घरातून निघाल्यावर माय बाबांच्या मागाजवळ जाऊन उभी राहिली. तिचा डावा हात हलत होता, मोकळाच. ती म्हणाली, "अवो, दीड दिवस झाला. थांबलं असन ते आता." बाबा विणत राहिले. मग ती म्हणाली, "म्या माह्या हातानं काढून देल्लं. पोराले म्या माह्या हातानं बंद केलं." बाबांनी माग थांबवला. विणायच्या धोतरावरच टोपी घातली आणि भर उन्हात सदरला पायी निघाले. सदरला ते आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा कोर्टकचेरीच्या कामाला. मी काम करत होतो ते लिलावघर त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. विचारत विचारत आले.

तिकडे माझा खेळ रंगात आला होता. दोन कपाटं आणि एक तुटक्या शिंगांचं सांबर मी हातोहात उडवलं होतं. मौद्याचा ठेकेदार पहिल्या रांगेत बसला होता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप मारत होता. मालकाने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "तेरे घर का माल है ना? आज दिल से बोल."

माल कोणाचा हे फक्त त्याला माहीत होतं. दादाबद्दल त्यालाही माहीत नव्हतं, कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी दादासाठी रडलोही नव्हतो. घरात बाबा आणि माय यांच्यामध्ये रडायला जागाच नव्हती.

मी घड्याळ उचललं. थांबलेलं होतं. सव्वानऊ. मी ते डोक्यावर धरून सगळ्या हॉलला दाखवलं आणि आवाज खाली आणला. ओरडणाऱ्याने आवाज खाली आणला की लोक पुढे वाकतात, हे मला खडी गंमतीत शिकवलेलं.

"हे घड्याळ मेलेलं आहे," मी म्हणालो.

 मग मी सांगायला लागलो. एक खलाशी होता. जहाज फुटलं. बाकीचे सगळे गेले. हा एकटा फळकुटाला धरून राहिला. तीन दिवस. चहूकडे पाणी, पण प्यायला एक घोट नाही, कारण ते पाणी जो पिईल तो मरेल. तहानेनं वेडा झाला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडापर्यंत नेलं. आणि मनगटावर घड्याळ दिसलं. टिकटिक चालू होती. त्याने स्वतःला सांगितलं, हे थांबेपर्यंत मी पाणी पिणार नाही. आणि हे थांबेना! कारण लाटा त्याचा हात हलवत होत्या. चौथ्या दिवशी दुसरं जहाज आलं. खलाशी वाचला. घरी गेला. त्याची माय दारात उभी होती.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून येत गेलं. हॉलमध्ये एक बाई डोळे पुसत होती. मी टेबलामागून पुढे आलो, ठेकेदाराचा जाड हात धरला आणि घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं. पट्टा कसाबसा लागला. "हलवा हात, शेठ. हलवा! माणसाच्या जिवावर चालतं हे, चावीवर नाही." ठेकेदाराने हात जोरात हलवला, डोळे मिटून घड्याळ कानाला लावलं आणि ओरडला, "अरे चालून राहिलं ना गा!"

टाळ्या पडल्या. तशा टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. बोली सुरू झाली. पहिली, दुसरी, पाचवी. बाबांच्या मागाची महिन्याची कमाई मागे पडली. आणि तेव्हा मला हॉलच्या शेवटी, दाराच्या चौकटीपाशी, बाबा दिसले. टोपी घामाने भिजलेली. त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत उचलला आणि पंजा उघडला.

आमच्यामध्ये शंभर एक माणसं होती. ते बोलले असते तर मला ऐकू आलं नसतं. आणि सदरच्या भारी कपडे घातलेल्या लोकांसमोर ते ओरडणारे नव्हते. त्यांच्याकडे तो एक हात होता. त्याचा हुकूम मी कधीही मोडला नव्हता.

"पीछे, टोपीवाले बाबा," मालक म्हणाला आणि बोली वाढवली. त्याने माझ्या बापाला कधी पाहिलं नव्हतं. लिलावात हात वर म्हणजे पैसे वर.

मला काय करता आलं असतं? खूप काही. मी मालकाच्या कानात सांगू शकलो असतो. बेशुद्ध पडायचं सोंग आणू शकलो असतो, त्यात मी पटाईत होतो. मी सरळ म्हणू शकलो असतो की हा माझा बाप आहे आणि ते घड्याळ माझ्या मेलेल्या भावाचं आहे. मला तो हात कळला होता. अर्ध्या क्षणात कळला होता. माझे दोन्ही हात पलीकडच्या काठाशी थांबावेत तसे थांबलेही.

जीभ थांबली नाही. "खलाशाचं नशीब, मंडळी! मनगटावर नशीब बांधून कोण घरी जाणार?" असं मी ओरडलो आणि दुसऱ्या भिंतीकडे पाहिलं.

बाबांनी हात पुन्हा उचलला, या वेळी जास्त वर. मालकाने ती दुसरी बोली धरली. ठेकेदाराला चेव आला. फाटक्या टोपीचा म्हातारा आपल्यावर चढतो म्हणजे काय! त्याने एकदम मोठी उडी मारली. हॉल "ओहो" करून उठला. बाबा हात तसाच धरून उभे होते आणि आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे वळून वळून पाहत होते, कोणी हसत होतं. "बोल बाबा, बोल, और ऊपर?" मालकाने विचारलं. मग बाबांना कळलं असावं की त्यांच्या हाताचा इथे काय अर्थ होतो आहे. त्यांनी हात खाली घेतला आणि धोतराला पुसला.

एक. दोन. हातोडी पडली.

मी बाहेर आलो तेव्हा ठेकेदाराची मोटारसायकल फाटकाबाहेर पडत होती. बाबा कडुलिंबाखाली जमिनीवर बसले होते. त्यांनी सांगितलं ते का आले ते. मायचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग विचारलं,

"हात दिसला होता तुले?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. शंभर माणसं, गर्दी, गोंगाट.

"दिसला."

"मंग?"

"लिलाव मधात थांबवता येत नाई, बाबा."

"माग थांबते," ते म्हणाले. मग म्हणाले, "तो खलाशी कोन होता गा?"

"कोनी नाई. म्या मनानंच सांगितला."

"वाचला पन तो."

"हो."

"बरं केलं."

आम्ही पायी निघालो.  घराच्या गल्लीत वळण्याआधी बाबा म्हणाले, "तू आत काई बोलू नोको." माय दारातच होती. तिने आधी बाबांच्या मनगटांकडे पाहिलं, मग माझ्या.

"मले उशीर झाला," बाबा म्हणाले. "रस्ता चुकलो. म्या पोचलो तवा इकल्या गेलं होतं. पोरगं काय करन? त्याले मालूम नोतं."

माझा बाप खोटं बोलला तो हा एकच प्रसंग मला माहीत आहे. आणि ते त्यांना इतकं नीट जमलं, की मीही क्षणभर विश्वास ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी घड्याळ सोडवायला मौद्याला गेलो. लिलावाचे सगळे पैसे आणि वर माझ्या पगारातले घेऊन गेलो. ठेकेदाराने प्रेमाने बसवलं, चहा दिला, श्रीखंडाचं ते भांडं फडताळातून काढून दाखवलं. घड्याळ त्याच्या हातातच होतं. मी परत मागितलं तेव्हा तो हसायला लागला.

"घड्याळ असतं तं देल्लं असतं गा. हे नशीब हाय. नशीब कोनी इकते का? तूच तं बोलला!"

मग मी त्याला खरं सांगितलं. खलाशी नव्हता. ते माझ्या दादाचं आहे, तो कावीळ होऊन गेला, माझी माय घरात मोकळा हात हलवत बसली आहे. सांगताना दोन महिने अडलेलं रडू एकदम फुटलं. मी त्याच्या ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

ठेकेदाराने तोंडाला हात लावला. बायकोला हाक मारली. "अवं, बाहेर ये लवकर! पाय कसा सोंग आणते हा! डोयातून पानी काढलं लेकाच्यानं!" तिनेही पाहिलं. दोघांनी कौतुक केलं. त्याने मला दहा रुपये बक्षीस देऊ केले. ते मी घेतले नाहीत, तर तो म्हणाला, "कमी वाटले का गा?"

लिलावघर मी दोन महिन्यांनी सोडलं. मायचा हात हळूहळू थांबला. ती कांड्या भरायला बसू लागली, जेवायला बसू लागली, आणि बाबांचं म्हणणं खरं ठरलं असं वाटलं. पण बाबांना तिने सोडलं नाही. पोळ्या करताना, सुपात तांदूळ घेताना, पाहुण्यांसमोर, कधीही. "यायले कुठीबी जायाचं असलं तं आदल्या दिवशी धाडा. रस्ता सापडत नाई यायले." पाहुणे हसायचे. बाबाही हसल्यासारखं करायचे आणि मागाकडे वळायचे. मी पुन्हा त्यांच्या पलीकडे बसू लागलो होतो. ती असं काही बोलली की मी बाबांकडे पाहायचो, आणि ते माझ्याकडे पाहायचे नाहीत. असं आठ वर्षं चाललं.

बाबा आजारी पडले तेव्हा मी एकदा त्यांना म्हणालो की आता मी मायला खरं काय ते सांगून टाकतो. ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "एका पोरापायी ते रडली. दुसऱ्यावर राग धराले नोको लावू तिले. तिले एकच उरला."

बाबा गेल्यावर मायने उशिराचं बोलणं बंद केलं. पाच वर्षांनी, एका दुपारी, ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती आणि मी बाजूला विडी ओढत होतो. कशाचाच विषय नव्हता. सुपातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली,

"तुहा बाप रस्ता चुकणारा मानूस नोता गा. सुताच्या मार्केटले आंधयासारखा डोये मिटून जाये."

ती सुपाकडेच पाहत होती. हात मात्र थांबला होता. तिने मला वेळ दिला. भरपूर वेळ दिला. माझ्या आवाजावर एकेकाळी शंभर माणसं पुढे वाकायची.

"सदर त्यायले नवं होतं, माय," मी म्हणालो. "चुकले असन."

"हो," ती म्हणाली. "चुकले असन."

आणि तिने पुढची मूठ सुपात घेतली.